बंगळूरची बैठक: 1969 मध्ये काँग्रेसने राष्ट्रपतिपदाचा उमेदवार कसा ठरवला

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांवर निकाल लागला नाही आणि दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली, असे आजवर एकदाच घडले आहे: ऑगस्ट 1969 मध्ये. केंद्रात सत्तेवर असलेल्या पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला, तोही त्याच वेळी. या निवडणुकीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक वेळा ‘इंदिरा गांधी विरुद्ध सिंडिकेट’ (म्हणजे काँग्रेसमधल्या ज्येष्ठ नेत्यांचा गट) या झगड्यातला एक अंक म्हणूनच तिच्याकडे पाहिले जाते. मला ती उमेदवार निवडीचे प्रकरण म्हणून वाचावीशी वाटते. समोर कोणती नावे होती, निवडणाऱ्यांनी त्या नावांत काय पाहिले, काय पाहायचे राहून गेले, आणि पक्षाच्या संसदीय मंडळात बहुमत असूनही उमेदवार का पडला, हे नीट मांडले तर त्या झगड्याचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बंगळूरला जमलेल्या नेत्यांनी राष्ट्रपतिपदासाठी माणूस शोधला नाही. भविष्यात पंतप्रधान कोण असावा, हा हिशोब दोन्ही बाजूंनी केला आणि त्या हिशोबाला साजेसे नाव पुढे केले. त्या नादात राष्ट्रपती प्रत्यक्षात निवडतात ते आमदार आणि खासदार कसे मत देतील, हा साधा प्रश्न मागे पडला.

जागा रिकामी झाली तेव्हा

डॉ. झाकीर हुसेन यांचे 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच निधन झाले. असे याआधी कधी घडले नव्हते. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. घटनेप्रमाणे सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडणे भाग होते. हंगामी राष्ट्रपतीही पदावर राहिला नाही तर काय, याची सोय तोवर कायद्यात नव्हती. संसदेने मे महिन्यातच कायदा करून ती जबाबदारी सरन्यायाधीशांकडे सोपवली. दोन महिन्यांत या कायद्याची गरज पडणार होती.

काँग्रेस तेव्हा डळमळीत होती. 1967 च्या निवडणुकीत लोकसभेच्या 520 जागांपैकी तिला 283 मिळाल्या आणि अनेक राज्ये हातची गेली. कामराज तमिळनाडूत पडले, अतुल्य घोष बंगालमध्ये पडले आणि स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी पाडले. त्याच वर्षीच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत झाकीर हुसेन यांना 4,71,244 आणि विरोधकांचे उमेदवार, माजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांना 3,63,971 मते पडली. फरक 1,07,273 मतांचा. वरवर पाहता तो मोठा वाटतो. पण या निवडणुकीत प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते आणि बेरीज त्या मूल्यांची होते; एका खासदाराच्या मताचे मूल्य 576 होते, महाराष्ट्रातल्या आमदाराचे 146 आणि उत्तर प्रदेशातल्या आमदाराचे 174. म्हणजे साधारण शंभर खासदार इकडचे तिकडे झाले असते तर 1967 चाच निकाल उलटला असता. पुढे फेब्रुवारी 1969 मध्ये उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब आणि पश्चिम बंगालमध्ये मध्यावधी निवडणुका झाल्या. पश्चिम बंगालमध्ये डाव्यांच्या संयुक्त आघाडीने मोठे बहुमत मिळवले.

एवढ्यावरून एक गोष्ट दिसायला हवी होती. 1969 साली काँग्रेसचा उमेदवार निवडून यायचा तर पक्षाची जवळजवळ सगळी मते त्याच्यामागे लागायला हवी होती. पक्ष फुटला तर कोणताही उमेदवार, मग तो कितीही थोर असो, धोक्यातच राहणार होता. उमेदवार पारखण्याची पहिली कसोटी इथेच ठरत होती: कोणाच्या नावावर सगळा पक्ष एकत्र राहील?

तीन नावे

पहिले नाव आपोआप समोर येणारे होते. गिरी उपराष्ट्रपती होते आणि राधाकृष्णन 1962 मध्ये, झाकीर हुसेन 1967 मध्ये उपराष्ट्रपतिपदावरूनच राष्ट्रपती झाले होते. दोनदा घडलेली गोष्ट नियम होत नाही, पण लोक तिला प्रथा समजू लागतात. स्वतः गिरीही तसेच समजत होते. ते जन्मभर कामगार चळवळीत वावरलेले. रेल्वे कामगारांच्या संघटनेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते 1952 पासून कामगारमंत्री होते आणि 1954 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराविषयीचा लवादाचा निवाडा सरकारने बदलला म्हणून त्यांनी राजीनामा दिला होता. नंतर उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूर या राज्यांचे राज्यपालपद. वय पंचाहत्तरीला टेकलेले. ते इंदिरा गांधींना चालण्यासारखे होते, पण पक्षातल्या ज्येष्ठांना नको होते. त्यांच्याविरुद्धचा आक्षेप उघडपणे असा कधी मांडला गेला नाही. ज्येष्ठांच्या डोळ्यांपुढे आधीच दुसरे नाव होते, एवढेच.

ते नाव नीलम संजीव रेड्डी. आंध्र प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री, 1960 ते 1962 काँग्रेसचे अध्यक्ष, मग केंद्रात मंत्री आणि 1967 पासून लोकसभेचे सभापती. सभापती झाल्यावर त्यांनी पक्षाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता. पदाची प्रतिष्ठा जाणणारा माणूस म्हणून ही त्यांच्या जमेची मोठी बाजू. वय 56, म्हणजे राष्ट्रपतिपदासाठी तरुणच. कागदावर त्यांच्यात खोट काढणे अवघड होते. अडचण एकच होती: कामराज, निजलिंगप्पा, अतुल्य घोष, स. का. पाटील या ज्या मंडळींना वर्तमानपत्रे ‘सिंडिकेट’ म्हणत, त्यांतलेच रेड्डी एक मानले जात. त्यामुळे त्यांचे नाव घेतले की त्यामागचे माणसांचे वर्तुळही डोळ्यांसमोर येई.

तिसरे नाव जगजीवनराम यांचे. ते इंदिरा गांधींनी बैठकीत पुढे केले. 1946 च्या हंगामी सरकारपासून जवळजवळ सतत मंत्री राहिलेले, 1969 मध्ये अन्न व शेती खाते सांभाळणारे आणि देशातले सर्वांत वजनदार दलित काँग्रेस नेते. ते महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. त्या वर्षी दलित राष्ट्रपती निवडणे याला निराळे मोल आले असते, असा युक्तिवाद होता. तो मला आजही वजनदार वाटतो. दलित समाजातला राष्ट्रपती व्हायला त्यानंतर 28 वर्षे लागली. के. आर. नारायणन 1997 मध्ये निवडून आले. पण जगजीवनरामांचे नाव ज्या घाईने आले त्यावरून ते मनापासून सुचवलेले होते की रेड्डींना अडवण्यासाठी, हा संशय बैठकीतल्या लोकांना आलाच असणार. एखाद्या योग्य माणसाचे नाव दुसऱ्याला अडवण्यासाठी वापरले गेले की त्या माणसाची पात्रता बाजूला पडते, हे त्या दिवशी जगजीवनरामांच्या वाट्याला आले.

दोन्ही बाजूंची भीती

राष्ट्रपतिपदाला एवढे महत्त्व का आले, हे समजल्याशिवाय पुढचे समजत नाही. तोवर राष्ट्रपती म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारा प्रमुख, हे गृहीत होते. पण 1967 नंतर पुढची लोकसभा त्रिशंकू असेल असे बऱ्याच जणांना वाटू लागले. बहुमत कोणाचे, हे स्पष्ट नसेल तेव्हा पंतप्रधान म्हणून कोणाला बोलवायचे हे राष्ट्रपती ठरवतो. पक्षातल्या ज्येष्ठांशी इंदिरा गांधींचे पटेनासे झाले होते. ज्येष्ठांच्याच गटातला माणूस राष्ट्रपती भवनात गेला तर पुढच्या पेचात आपला बळी जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती. ज्येष्ठांचा हिशोब याच्या उलट बाजूने तसाच होता: पंतप्रधान हाताबाहेर चालल्या आहेत, तेव्हा लगाम म्हणून का होईना, राष्ट्रपती आपला असावा.

दोन्ही भीती खऱ्या होत्या, म्हणून कोणाला एकट्याला दोष देऊन चालत नाही. पण उमेदवार पारखताना दोन्ही गट एकाच चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते. ‘या पदावर हा माणूस कसा वागेल?’ याऐवजी ‘हा माणूस कोणाचा?’ हा प्रश्न टेबलावर होता. रेड्डींच्या सभापतिपदाच्या कारकिर्दीवर, गिरींच्या राजीनाम्यावर, जगजीवनरामांच्या तेवीस वर्षांच्या प्रशासनावर चर्चा करायला कोणाला सवड नव्हती.

12 जुलै

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन बंगळूरला लालबागेतल्या काचघरात भरले. इंदिरा गांधी उशिरा पोहोचल्या, पण त्यांचे आर्थिक धोरणावरचे टिपण आधी येऊन दाखल झाले. मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण, मक्तेदारीवर नियंत्रण, ग्रामीण भागाकडे अधिक पैसा अशा सूचना त्यात होत्या. त्या टिपणावरून खडाजंगी होईल असे वाटले होते. यशवंतराव चव्हाणांनी मध्ये पडून सगळ्यांना मान्य होईल असा ठराव तयार केला आणि तो वाद मिटला. अधिवेशनात त्यांचे वजन वाढले ते या कामगिरीने.

मग उमेदवार ठरवणाऱ्या काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. आठ जण: अध्यक्ष निजलिंगप्पा, इंदिरा गांधी, मोरारजी देसाई, यशवंतराव चव्हाण, जगजीवनराम, फक्रुद्दीन अली अहमद, कामराज आणि स. का. पाटील. इंदिरा गांधींनी जगजीवनरामांचे नाव मांडले. मोरारजी, कामराज, पाटील आणि चव्हाण रेड्डींच्या बाजूने गेले. इंदिरा गांधींसोबत फक्रुद्दीन अली अहमद राहिले. अध्यक्ष निजलिंगप्पा आणि ज्यांचे नाव चर्चेत होते ते जगजीवनराम यांची मते या मोजणीत नव्हती. रेड्डी पक्षाचे उमेदवार ठरले.

पाटलांचे मत कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. चव्हाणांचे नव्हते. आर्थिक ठरावावर दोन दिवस पंतप्रधानांची बाजू सांभाळणारा गृहमंत्री उमेदवाराच्या प्रश्नावर दुसऱ्या बाजूला बसला, हा इंदिरा गांधींना मोठा धक्का होता आणि तो त्या विसरल्या नाहीत. या मताचा अर्थ तेव्हापासून नाना तऱ्हांनी लावला गेला. कोणी म्हणते, त्यांना स्वतःला पंतप्रधानपदाची आशा होती आणि ज्येष्ठांची मदत हवी होती. कोणी म्हणते, ज्येष्ठांशी त्यांचे बोलणे आधीच झाले होते. त्यांच्या एकूण कामाची पद्धत पाहता मला वाटते की बैठकीतला बहुसंख्यांचा कल ओळखून त्याबरोबर जाणे हा त्यांचा स्वभाव होता. संघटनेत मतभेद असतील तर मंडळाने ठरवावे आणि मग सगळ्यांनी ते पाळावे, ही त्यांच्या राजकारणाची शिस्त होती. महाराष्ट्रात ती शिस्त त्यांना फळली होती. मुंबईसह महाराष्ट्राच्या प्रश्नावरही त्यांनी संघटनेच्या आत राहूनच वाट काढली होती. पण इथे त्यांच्या मताचे वजन वेगळे होते. तेवढ्या एका मताने पारडे झुकले, आणि मंडळाने पक्षाच्या पंतप्रधानाला उमेदवाराच्या प्रश्नावर उघडपणे अल्पमतात टाकले.

बैठकीत काय व्हायला हवे होते? माझ्या मते मतदान घेणे हीच चूक होती. मंडळाने मत दिले म्हणजे निर्णय झाला, असे निजलिंगप्पांना वाटले. कार्यकारिणीच्या ठरावाला ते लागू पडते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला नाही, कारण तिथे मतपत्रिका गुप्त असते, पक्षादेश मोडल्यावर करायला काही उरत नाही, आणि पक्षांतरबंदी कायदा यायला तर अजून सोळा वर्षे होती. आठ जणांत चार विरुद्ध दोन ही मोजणी लालबागेत खरी होती. विधानसभांमध्ये आणि संसद भवनात मोजणी निराळी होणार होती. ज्या पंतप्रधानांना या उमेदवारासाठी मते मागायची होती, त्यांनाच तो नको असेल तर तो उमेदवार अर्धा पडल्यासारखाच असतो.

पाच आठवडे

पुढच्या घटना वेगाने घडल्या. 16 जुलैला पंतप्रधानांनी मोरारजींचे अर्थखाते काढून घेतले आणि त्यांनी उपपंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. 19 जुलैला 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण करणारा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरी यांची. बँक कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या हातून हा वटहुकूम निघावा, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडले, सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले आणि गिरी अपक्ष म्हणून मैदानात उतरले.

डावलला गेलेला माणूस काय करील, हा प्रश्न मंडळाने विचारला नव्हता. गिरींना पर्याय काय होते हे पाहायला फार हुशारी लागत नव्हती. उपराष्ट्रपतिपदाची तीन वर्षे उरली होती, पण ती पार पाडून पुढे काहीच नव्हते. कम्युनिस्टांचे दोन्ही पक्ष, द्रमुक आणि अकाली दल त्यांच्यामागे उभे राहिले. म्हणजे काँग्रेसबाहेरची मोठी मते त्यांना मिळाली आणि काँग्रेसच्या आत त्यांच्याविषयी सहानुभूती होतीच.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून इंदिरा गांधींची सही होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की मतभेद मिटले. तसे झाले असतेही कदाचित, पण निजलिंगप्पांनी एक पाऊल उचलले आणि खेळ फिरला. ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष आणि जनसंघ यांनी आपला उमेदवार दिला होता. पहिल्या पसंतीत निकाल लागणार नाही या भीतीने काँग्रेस अध्यक्ष त्या पक्षांच्या नेत्यांना भेटले आणि त्यांच्या आमदार-खासदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी अशी विनंती केली. बातमी फुटली. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी अध्यक्षांना पत्र लिहून जाब विचारला. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्या पक्षांशी हातमिळवणी कशासाठी, असा तो जाब. त्यानंतर पंतप्रधानांनी रेड्डींसाठी पक्षादेश काढायला नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर प्रत्येकाने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे असे आवाहन केले. उमेदवाराच्या अर्जावर सही करणारी व्यक्तीच त्याला मत द्या म्हणायला तयार नाही, हे काँग्रेसच्या आमदारांनी अचूक ओळखले.

चौथा माणूस

जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने ज्यांचे नाव पुढे केले त्यांच्याविषयी इथे थांबून लिहायला हवे, कारण या सगळ्या धामधुमीत त्यांच्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1950 ते 1956 देशाचे अर्थमंत्री, नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. संस्कृतचे जाणकार. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ 1956 मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, ही महाराष्ट्राच्या स्मरणातली गोष्ट. ते कोणत्याही पक्षाचे नव्हते, आणि पंतप्रधानांना तोंडावर नाही म्हणण्याची हिंमत त्यांनी एकदा दाखवली होती.

राष्ट्रपतिपदाला कसा माणूस हवा, एवढ्याच निकषावर पारख केली तर चारही नावांत देशमुखांचे पारडे मला जड वाटते. बंगळूरच्या मंडळात महाराष्ट्राचे दोन नेते होते. एक पाटील, संयुक्त महाराष्ट्राचे कडवे विरोधक. दुसरे चव्हाण, ज्यांनी 1956 मध्ये दिल्लीशी फारकत घेतली नव्हती. त्या दोघांकडून देशमुखांचे नाव येण्याची शक्यता नव्हती, आणि ते काँग्रेसचे सदस्य नसल्याने मंडळापुढे ते कधीच आले नाही. ज्या पक्षांनी त्यांना उभे केले, त्यांच्याकडे निवडून आणण्याइतकी मते नव्हती. तरीही निकाल ठरला तो त्यांना पडलेल्या मतपत्रिकांवर.

मोजणी

मतदान 16 ऑगस्टला झाले, मोजणी 20 ऑगस्टला. 15 उमेदवार होते. वैध मतांचे एकूण मूल्य 8,36,337. निवडून येण्यासाठी 4,18,169 हवी होती. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769. बाकीच्या बारा जणांना मिळून साडेआठ हजार.

गिरी पुढे होते, पण 16,654 कमी पडत होती. मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या. अखेरचा आकडा: गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427.

हे आकडे सावकाश वाचले तर एक वेगळीच गोष्ट हाती लागते. बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांतून रेड्डींना 91,879 मते मिळाली आणि गिरींना 18,562. म्हणजे हाती आलेल्या दर सहा मतांतली पाच रेड्डींकडे गेली. निजलिंगप्पांनी ज्यासाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांची भेट घेतली, ती दुसरी पसंती खरोखर मिळाली. हिशोब म्हणून त्यांचा डाव यशस्वी झाला. पण त्याच भेटीने काँग्रेसमधल्या नाराजांना पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत द्यायला सन्मानाचे कारण मिळाले. त्यांना आता ‘मी पक्षाशी गद्दारी करतो आहे’ असे वाटायचे कारण राहिले नाही. पक्षाचे अध्यक्षच विरोधकांशी बोलत आहेत, हे त्यांच्यापुढे होते. बाहेरून 90 हजारांहून जास्त मते आणली आणि घरातली पहिल्या पसंतीची मते गमावली, असा तो व्यवहार झाला.

फरक शेवटी 14,650 चा राहिला. त्याच्या निम्मी मते जरी गिरींकडून रेड्डींकडे वळली असती तरी निकाल फिरला असता. एवढ्या मतमूल्याला 13 खासदार पुरे होते. महाराष्ट्राच्या विधानसभेतले 51 आमदारही पुरले असते. बंगळूरच्या बैठकीत एक मत इकडचे तिकडे झाल्याने सगळे ठरले, आणि पुढे संसदेतली तेरा मते कमी पडली. मंडळातले बहुमत आणि निवडणुकीतले बहुमत यांत किती अंतर असते ते या दोन आकड्यांत दिसते.

एक जोडगोष्ट. निवडणुकीच्या काळात रेड्डींची बदनामी करणारे निनावी पत्रक खासदारांत वाटले गेले होते. त्यावरून आणि इतर मुद्द्यांवरून सर्वोच्च न्यायालयात निवडणुकीला आव्हान दिले गेले. राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला गेले. 1970 मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. पुढे 1974 मध्ये कायदा दुरुस्त करून अर्जावर दहा सूचक आणि दहा अनुमोदक यांच्या सह्या बंधनकारक केल्या गेल्या. उगाच उभे राहणाऱ्यांची गर्दी त्यामुळे आटोक्यात आली.

नावे तीच, पदे निराळी

नोव्हेंबर 1969 मध्ये इंदिरा गांधींना पक्षातून काढण्यात आले आणि काँग्रेस दुभंगली. रेड्डींना मत देणारे चव्हाण फुटीच्या वेळी इंदिरा गांधींसोबत राहिले. डिसेंबरमध्ये मुंबईच्या अधिवेशनात जगजीवनराम त्यांच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जून 1970 मध्ये चव्हाणांकडचे गृहखाते काढून त्यांना अर्थखाते देण्यात आले. बंगळूरच्या मताची ती किंमत होती, असे मानणाऱ्यांत मीही आहे. 1974 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी इंदिरा गांधींनी निवडले ते फक्रुद्दीन अली अहमद यांना. त्या दिवशी त्यांच्या बाजूला उभा राहिलेला हा मंडळातला एकटा मतदार. जून 1975 मध्ये आणीबाणीच्या आदेशावर सही त्यांचीच. उमेदवार ‘कोणाचा’ हा एकच निकष लावून निवडला की पद किती उघडे पडते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्यापाशी नाही.

रेड्डींना 1977 मध्ये जनता पक्षाने पुन्हा उभे केले. या वेळी ते बिनविरोध निवडून आले. काँग्रेसनेही आडकाठी घेतली नाही. तोच माणूस, तीच पात्रता. 1969 मध्ये नसलेले एकमत या वेळी होते.

आणि 1969 मध्ये इंदिरा गांधींना वाटणारी भीती शेवटी खरी ठरली, फक्त त्यांच्या बाबतीत नाही. जुलै 1979 मध्ये मोरारजींचे सरकार कोसळले तेव्हा लोकसभेत स्पष्ट बहुमत कोणाकडेच नव्हते आणि कोणाला बोलवायचे हे राष्ट्रपती रेड्डींनी ठरवायचे होते. त्यांनी आधी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना सरकार बनवता येईल का ते पाहायला सांगितले. चव्हाणांना जुळवाजुळव जमली नाही. मग चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण त्यांचे उपपंतप्रधान. तीन आठवड्यांत, लोकसभेला सामोरे न जाताच, चरणसिंगांनी राजीनामा दिला. तेव्हा जनता पक्षाचे नेते जगजीवनराम होते आणि सरकार बनवण्याची संधी मागत होते. रेड्डींनी ती दिली नाही. 22 ऑगस्ट 1979 रोजी त्यांनी लोकसभा विसर्जित केली. दहा वर्षांपूर्वी बंगळूरला ज्यांच्या नावाशी त्यांच्या नावाची तुलना झाली होती, त्या जगजीवनरामांचे पंतप्रधानपद त्या आदेशाबरोबर कायमचे हुकले.